सांगड

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांतून फिरताना आपण गुजरातेत आहोत, याचा क्षणभर विसर पडतो. दुकानांच्या पाट्या गुजराती असतात, परंतु ओट्यावर भाजी निवडीत बसलेल्या आजीबाई अहिराणी बोलत असतात. १९०० सालाच्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरत–अमळनेर लोहमार्ग सुरू झाला आणि पुढे यंत्रमागांची भरभराट होताच खानदेशातील हजारो कुटुंबे याच मार्गाने पोटापाण्यासाठी सुरतेस आली. ज्या तापीच्या काठी त्यांची शेते होती, त्याच तापीच्या मुखाशी आता त्यांच्या खोल्या आहेत. नदी तीच राहिली, माणसे मात्र उगमाकडून मुखाकडे वाहत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

सुमारे दहा वर्षांपूर्वी अशाच एका वस्तीत, नंदुरबारकडून आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी मला बोलाविले होते. प्रार्थना आटोपली, घरभर पवित्र पाणी शिंपडून झाले आणि चहा आला. शेजारच्या खोलीतील एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत येऊन दाराशी बसले होते. ते कोळी समाजाचे, वय ऐंशीच्या पलीकडले. भिंतीवर संत ख्रिस्तोफरची तसबीर होती. बालयेशूला खांद्यावर घेऊन काठीच्या आधाराने नदी ओलांडणारा तो धिप्पाड संत आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आजोबा त्या तसबिरीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी मला विचारले, “बाबा, हा नावाडी कोणत्या गावचा?”

मी त्यांना संत ख्रिस्तोफरची कथा सांगितली. आजोबांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, “याच्याजवळ सांगड नव्हती वाटतं. खांद्यावर ओझं घेऊन पाण्यात उतरू नये. पाय सुटला की दोघेही जातात.”

आम्ही सारे हसलो. आजोबा मात्र हसले नाहीत. ते स्वतः तापीवरचे तरीवाले होते. उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावी त्यांच्या वडिलांची तर होती आणि वडिलांमागे ती त्यांच्याकडे आली होती. पावसाळ्यात नावेने व इतर वेळी सांगडीने त्यांनी माणसे, गुरे, धान्याची पोती, वरातीच्या वराती पैलतीरी नेल्या होत्या. गावकऱ्यांकडून ते रोख पैसा घेत नसत. सुगीच्या वेळी प्रत्येक खळ्यावर त्यांच्या नावाची ज्वारी काढून ठेवलेली असे.

चहाचा पेला खाली ठेवून ते सांगू लागले, “अडुसष्टच्या पुरात एका रात्री पैलतीरावरून एक बाई हाका मारू लागली. पाणी असं की झाडांचे शेंडे तेवढे दिसत. माझा बाप म्हणाला, जाऊ नको. आणि ती तर हाका मारीतच होती...”

याच वेळी मी घड्याळाकडे पाहिले. सायंकाळच्या मिस्साला अर्धा तास उरला होता. मी उठलो, आजोबांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “आजोबा, पुढच्या खेपेस येईन तेव्हा राहिलेली गोष्ट सांगा.” ते म्हणाले, “या बाबा. मी कुठं जातो?”

मी पुन्हा गेलो तो सात महिन्यांनी. आजोबा पावसाळ्यातच वारले होते. मी त्यांच्या सुनेला त्या रात्रीची गोष्ट विचारली. ती म्हणाली, “ते पुराचं काहीतरी सांगायचे खरे, पण कामाच्या घाईत नीट ऐकलं नाही कधी.” नातवंडांना तर आजोबा नाव चालवीत होते, हेही ठाऊक नव्हते. ती बाई कोण होती, तिच्याजवळ कोणी लहान मूल होते काय, आजोबा बापाचे न ऐकता पाण्यात उतरले की नाही, हे आता या पृथ्वीतलावर कोणी सांगू शकणार नाही. मिस्सा चुकविणे मला शक्य नव्हते, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोकळा होतो, हेही तितकेच खरे आहे.

ही आठवण आज काढण्याचे कारण असे. नदीकाठच्या लोकांच्या गोष्टी ऐकण्यासाठी स्वतःच्या हातांनी नाव बांधून तिच्यातच राहणाऱ्या काही माणसांविषयी नुकतेच माझ्या वाचनात आले. अमेरिकेत केंटकी प्रांतात हार्लन हबर्ड नावाचे एक चित्रकार होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी ॲना यांनी १९४४ साली ओहायो नदीच्या काठी, बहुतांशी वाहून आलेल्या व जुन्या लाकडांतून, राहण्याजोगी एक नाव बांधली. तिला यंत्र नव्हते. नदी नेईल तिकडे आणि नदी नेईल त्या वेगाने जावयाचे, असा त्यांचा बेत होता. वाटेत एखाद्या काठी नाव बांधून ठेवीत, तेथेच भाजीपाला लावीत, मासे पकडीत, शेजाऱ्यांशी ओळखी करीत आणि पाण्याला ओढ आली की पुढे निघत. अशा रीतीने ओहायोतून मिसिसिपीत उतरून १९५० साली ते समुद्राजवळच्या न्यू ऑर्लिन्स शहरी पोहोचले. या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. अलीकडच्या काळात वेस मोड्स नावाच्या कॅलिफोर्नियातील एका कलावंतानेही जुने लाकूड वापरून तसेच नौकाघर बांधले. २०१४ पासून तो अमेरिकेच्या निरनिराळ्या नद्यांवरून प्रवास करीत काठच्या लोकांच्या आठवणी नोंदवू लागला.

हे वाचून माझ्या मनात साहजिकच विचार आला, की अशी एखादी नाव आपल्या तापीवर सोडली तर काय होईल? मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. ऐकावयास हा प्रवास मोठा रम्य वाटतो. परंतु वस्तुतः तो होणे नाही. बऱ्हाणपूर सोडून नाव खानदेशात उतरली की हतनूरचे धरण आडवे येते. त्यापुढे सुलवाडे, सारंगखेडे आणि प्रकाशे येथील बंधारे आहेत. गुजरातेत शिरल्यावर उकाईचे प्रचंड धरण, मग काकरापारचा बंधारा आणि सुरतेच्या वेशीवर सिंगणपोरचा बंधारा. शिवाय उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी नावेला पाणी पुरणार नाही आणि पावसाळ्यात नाव पाण्याला पुरणार नाही.

धरणे बांधण्यापूर्वी तरी कोठे तापीवरून असा लांबचा प्रवास चालत असे? गंगेवरून शेकडो कोस नावा जात. आमच्या दख्खनच्या नद्या खडकाळ आणि लहरी. मुखाजवळचा भरतीचा भाग सोडला, तर त्या लांबवर प्रवास करण्यासाठी नव्हत्या, ओलांडण्यासाठी होत्या. म्हणून आमच्याकडे नदीच्या गोष्टी म्हणजे ओलांडण्याच्या गोष्टी. उतार कोठे मिळतो, डोह कोठे आहे, कोणत्या महिन्यात गाडी पाण्यातून जाते, तरीवाला कोण, पूर आला असता सुईण कशी आणली, प्रेत पलीकडच्या स्मशानात कसे नेले, नवरी मुलगी नावेत बसताना मागे वळून का रडली, अशा त्या गोष्टी. त्या काठाने चालत गेल्यास सापडणार नाहीत. त्या एका गावच्या घाटावर बसल्यानेच सापडतील.

आणि ओलांडण्याचे आमचे जुने साधन म्हणजे सांगड. आजच्या मुलांना ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार व्याकरणाच्या पुस्तकातून माहीत असतो, पण सांगड ही वस्तू त्यांनी पाहिलेली नसते. दोन होड्या एकत्र जखडून केलेल्या साधनास सांगड म्हणत. तसेच मोठे कडू भोपळे वाळवून, आतील गर व बिया पूर्णपणे काढून, ते बांबूच्या चौकटीस बांधून तयार केलेल्या तरंगत्या साधनासही सांगड म्हणत. त्या सायंकाळी आजोबांनी मला तिच्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, तेवढ्या मात्र माझ्या लक्षात राहिल्या. पहिली ही, की भोपळा आतून रिकामा असला पाहिजे, थोडा गर राहिला तरी तो कुजतो आणि भोपळा पाणी पितो. दुसरी ही, की एकटा भोपळा कधी सरळ राहत नाही, तो गरगर फिरतो आणि माणसाला कलंडवितो. दोन बांधले म्हणजे त्यांचा भरवसा धरता येतो.

वाचकहो, इतिहासात काय उरते आणि काय बुडते याचा सुरतेइतका चांगला धडा क्वचितच मिळेल. मोगलांच्या अमदानीत हे शहर पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी गलबते सुवाळीजवळ समुद्रात नांगरीत आणि तेथून माल गाड्यांतून व लहान होड्यांतून शहरात येई. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, तेव्हा तेथे राहणाऱ्या कॅपुचिन संघाच्या फादर अंब्रोझ यांच्या वसतीस त्यांनी धक्का लागू दिला नाही, ही हकीकत आपल्या श्रद्धावंतांनी अभिमानाने ऐकलेली असेल. ती आपणांस कशामुळे ठाऊक झाली? बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने ती लिहून ठेवली म्हणून. उलटपक्षी, त्याच काळी सुवाळीहून सुरतेपर्यंत होड्या वल्हविणाऱ्या शेकडो खलाशांपैकी एकाचेही मनोगत आपणांजवळ नाही. त्यांनाही पूर दिसले असतील, त्यांनीही कोणास तरी वाचविले असेल. पण त्यांच्याजवळ कोणी वही घेऊन बसले नाही.

उकाईचे काम १९६४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९७२ साली धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याने लाखो एकर शेती भिजली, वीज आली आणि सुरतेला पुरापासून बरेचसे संरक्षण मिळाले. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्या पाण्याखाली दीडशेहून अधिक गावे पूर्णतः अथवा अंशतः गेली. त्यांत बहुसंख्य आदिवासी बांधवांची होती. घर बुडाले तर दुसरे बांधता येते. शेत बुडाले तर निदान मोबदल्याची मागणी करता येते. परंतु उतार बुडाला, घाट बुडाला, तर बुडाली, म्हणजे त्यांच्याशी जोडलेल्या गोष्टी कोठे उतरवून ठेवायच्या? त्या फक्त माणसांच्या डोक्यात राहतात आणि माणसांबरोबर जातात. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला, तेव्हा उपनगरांतील कित्येक वृद्धांनी पाण्याची चढ पाहून तरुणांना आधीच वरच्या मजल्यावर नेले, असे मला तेथील कुटुंबांनी सांगितले. शाळेत न गेलेल्या त्या म्हाताऱ्यांना पाण्याची भाषा वाचता येत होती.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे नाही. बहिणाबाई चौधरी याच तापीच्या खोऱ्यातील, जळगावजवळच्या आसोद्याच्या कन्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करताना त्यांच्या मुखातून निघालेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी लिहून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. घरात वही धरणारा हात नसता, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते! पुढे फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तापीची भगिनी जी नर्मदा, तिच्या काठचे केशव वसावे व केवलसिंग वसावे यांच्या तोंडून नंदिनी ओझा यांनी विस्थापितांच्या लढ्याची हकीकत ऐकली आणि ती ‘लढा नर्मदेचा’ या मराठी पुस्तकात उतरविली.

नंदुरबार जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. २०२० साली साथीच्या भीतीने नर्मदेकाठच्या पाड्यांवरील माता व बालके केंद्रावर येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने एका कोळ्याची होडी मागून घेतली आणि सुमारे १८ किलोमीटर वल्हवीत ती त्यांच्या दारी जाऊ लागली. ही काही गोष्टी गोळा करावयास निघाली नव्हती. बालकांची वजने करणे आणि आहार पोहोचविणे हे तिचे काम. परंतु जे आपल्याकडे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जावे, ही जी तिची वृत्ती, तीच ऐकणाऱ्याच्याही अंगी असावी लागते. वृद्ध माणसे आपल्याकडे येऊन ‘माझे ऐका’ असे म्हणत नाहीत. ती दाराशी काठी टेकून बसतात आणि भिंतीवरच्या तसबिरीविषयी काहीतरी विचारतात.

पवित्र शास्त्रात यहोशवाच्या ग्रंथाचा चौथा अध्याय जरूर उघडून पाहा. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडली, तेव्हा परमेश्वराने त्यांना नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणावयास सांगितले. प्रत्येक वंशासाठी एक. ते गिलगाल येथे उभे करण्यात आले. कशासाठी? पुढे मुले ‘हे दगड कसले?’ असे विचारतील तेव्हा वडिलांनी त्यांना नदी ओलांडल्याची हकीकत सांगावी, यासाठी. देवाने केवळ नदी पार करून दिली नाही. त्या पार होण्याची आठवण मुलांपर्यंत पोहोचावी, याचीही त्याने व्यवस्था केली. यात दोघांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाने विचारावयाचे आणि वडिलांनी सांगावयाचे. एकाने आपले काम सोडले तर तो दगड नुसताच दगड राहतो. आजोबांच्या सांगडीचा नियम येथेही लागू पडतो. सांगणारा एकटा गरगर फिरतो, ऐकणाराही एकटा कलंडतो. आणि ऐकणाऱ्याला तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. तो आतून रिकामा असला पाहिजे. घड्याळ, घाई आणि ‘मला ठाऊक आहे’ हा गर त्याने आधी काढून टाकला पाहिजे. माझ्या भोपळ्यात तो त्या सायंकाळी शिल्लक होता.

तेव्हा आपण काय करावे? आपणांपैकी कोणास नाव बांधून नदीवर राहावयास जाण्याची गरज नाही. आपण कोणी वैतरणेकाठचे, कोणी प्रवरेकाठचे, कोणी गोदावरीकाठचे, कोणी तापीकाठचे. प्रत्येक गावाला कोठेतरी एक उतार होता. या आठवड्यात एका सायंकाळी रोजरीची प्रार्थना झाल्यावर दिवा तसाच ठेवावा, फोन बाजूला ठेवावेत आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला मध्ये बसवावे. घरात कोणी वृद्ध नसल्यास शेजारच्या घरी जावे. शेजारी आपल्या धर्माचा आहे की नाही, हे पाहू नये. मग एवढेच विचारावे: तुमच्या लहानपणी पलीकडे कसे जात असत? तर कोणाची होती? मोठा पूर कधी आला आणि त्या रात्री कोण कोठे होते? शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ते वहीत लिहावे. जशी बोली असेल तशीच लिहावी, शुद्ध करू नये. सांगणारे थांबले तर घाई करू नये. पुष्कळदा थांबल्यानंतरच खरी गोष्ट सुरू होते. वहीच्या पहिल्या पानावर नाव, गाव आणि तारीख घालावी. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या आम्ही धर्मगुरू जिवापाड जपतो. त्यांच्या शेजारी एका कपाटात या वह्यांसाठी मी जागा करीन.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा सुरतेस गेलो होतो. त्या घरातील संत ख्रिस्तोफरची तसबीर तशीच आहे. शेजारच्या आजोबांचा धाकटा नातू आता महाविद्यालयात जातो. तसबिरीसमोर उभा राहून मी त्याला त्याच्या आजोबांची अर्धी गोष्ट सांगितली. पुराची रात्र, पैलतीरावरून हाका मारणारी बाई, ‘जाऊ नको’ म्हणणारा बाप. त्याने अगदी सहज विचारले, “मग पुढं काय झालं, फादर?”

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या घरातील मूल हाच प्रश्न विचारील तेव्हा, प्रिय वाचकहो, आपणांवर तशी पाळी न येवो.